वासोटा एका दिवसात: बोट, परवानगी, चढण आणि परतीची वेळ

वासोट्याला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "चढ फार आहे का?" चढ आहे, पण रोज थोडंफार चालणाऱ्याला जमेल एवढाच आहे. ट्रीप बिघडते ती वेळेमुळे. हा गड कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. साताऱ्याकडून पायथ्याला जायचं तर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो. गडावर मुक्काम करता येत नाही आणि अंधार पडल्यावर बोटी चालत नाहीत. तरीही सुट्टीच्या दिवशी दहा-साडेदहाला बामणोलीत, म्हणजे बोटी सुटतात त्या काठावरच्या गावात, उतरून "आता बोट मिळेल का?" असं विचारणारे कितीतरी जण असतात. बोट कधीकधी मिळतेही, पण मग गड अर्ध्यात सोडून परतावं लागतं. तसं होऊ नये म्हणून पुढचा क्रम पाळा.

१. महिना आणि वार ठरवा

पावसाळ्यात गडावर प्रवेश बंद असतो. साधारण ऑक्टोबरात तो पुन्हा सुरू होतो, नेमकी तारीख वनखातं ठरवतं. "दसऱ्यापर्यंत उघडत असेल" अशा अंदाजावर सुट्टी टाकू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं, त्यामुळे बोट पायथ्याच्या अगदी जवळ लागते. जंगल हिरवंगार असतं, पण वाट ओलसर आणि जळवाही असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत चांगला काळ: हवा थंड, वाट कोरडी, लांबचं स्वच्छ दिसतं. दिवस मात्र लहान असतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

मार्चपासून ऊन वाढतं आणि पाणी ओसरतं. कोयनेचा साठा पेपरात रोज छापून येतो, तो बघा. साठा जितका खाली गेलेला, तितकी बोट लांब थांबणार आणि भेगाळलेल्या, उघड्या गाळातून तितकं जास्त चालावं लागणार. तिथं सावली नाही आणि परतताना तेच अंतर दुपारच्या उन्हात पुन्हा तुडवायचं असतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस आणि विजा येतात. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा येणाऱ्यांनी वासोटा टाळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वार निवडता येत असेल तर मधल्या वारी जा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शनिवार-रविवारी कासच्या फुलांची गर्दी याच रस्त्यावर असते. यवतेश्वर घाटात अडकलात की बोटीची वेळ हुकली.

२. वेळेचं गणित संध्याकाळपासून उलटं मांडा

"सकाळी किती वाजता निघू?" हा प्रश्न शेवटी येतो. आधी अंधार किती वाजता पडतो ते धरा आणि तिथून मागे या. डिसेंबरातला आणि साताऱ्याहून निघणारा आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर हिशेब असा बसतो:

- संध्याकाळी ५:३० – बोट बामणोलीला लागली पाहिजे.
- ४:०० – पायथ्याहून बोट सुटली पाहिजे. पाण्यावरचा प्रवास एक ते दीड तासाचा आहे.
- ३:३० – सगळे खाली, वनखात्याच्या चौकीवर सामान दाखवायला हजर.
- २:०० – गडावरून उतरायला सुरुवात.
- १२:१५ – माथा.
- १०:१५ – चढायला सुरुवात.
- ८:३० – बामणोलीहून बोट.
- ७:३० – बामणोलीत हजर, कागदपत्रं हातात.
- ६:०० – साताऱ्यातून गाडी बाहेर.

पाण्यापासून माथा साधारण ५०० मीटर उंच आहे. सवय नसलेला माणूस जंगलातल्या वाटेनं तासाला अडीचशे-तीनशे मीटर उंची चढतो, म्हणून चढणीला पावणेदोन-दोन तास धरलेत. ग्रुपचा वेग सगळ्यांत मागे राहणाऱ्या माणसाचा असतो. हिशेब त्याचा धरा, पुढे पळणाऱ्याचा नको.

सांगलीहून साताऱ्यापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि पुढे बामणोली चाळीस किलोमीटर. मध्यरात्रीनंतर तीनला निघून, दिवसभर गड चढून, त्याच माणसानं रात्री गाडी चालवत सांगली गाठायची, हा बेत धोक्याचा आहे. आदल्या रात्री साताऱ्यात किंवा बामणोलीत मुक्काम करा. ते जमणार नसेल तर गड न चढणारा ड्रायव्हर घ्या.

*तपासा:* "दोनला परत फिरायचं" हे निघण्याआधी सगळ्यांना सांगितलंय का? दोन वाजता जिथं असू तिथून मागे वळायचं, माथा समोर दिसत असला तरीही.

३. बोटवाल्याशी फोनवर सगळं पक्कं करा

बोटीचं भाडं बहुधा अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नव्हे. एका बोटीत किती माणसं बसवायची याची मर्यादा ठरलेली असते. तिघं-चौघंच असाल तर भाडं अंगावर येतं. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या लहान ग्रुपबरोबर बोट वाटून घेता येते, पण मग दोन्ही ग्रुपची परतीची वेळ एकच ठरली पाहिजे. ती ठरवली नाही की संध्याकाळी एक ग्रुप काठावर ताटकळतो आणि बोटवाल्याचे नाहक हाल होतात.

चार-पाच दिवस आधी फोन करा आणि एवढं नेमकं विचारा: "मामा, येत्या शनिवारी वासोट्याला नऊ जण आहोत. प्रवेश सुरू आहे ना? बोट आमच्यासाठी पायथ्याला थांबणार का? एकूण भाडं किती, आणि त्यात वनखात्याची फी धरलीय का? पाणी किती खाली गेलंय? गाइड घ्यावा लागतो का?" शेवटचे दोन प्रश्न लोक विसरतात, मग आयत्या वेळी खर्चही वाढतो आणि चालणंही.

आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक फोन करा. तापोळ्याहूनही बोटी सुटतात. महाबळेश्वरला मुक्काम असेल तर ते सोयीचं. साताऱ्याहून येणाऱ्यांनी मात्र बामणोलीच धरावी.

४. पिशवी भरताना प्लॅस्टिक घरीच काढा

सगळ्यांत जास्त वेळ इथं वाया जातो. पायथ्याच्या चौकीवर पिशव्या उघडून प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात, नोंद करतात, अनामत घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की अनामत परत मिळते. दहा जणांकडे वेफर्स, बिस्किटं, चिक्की, पाण्याच्या बाटल्या असं चाळीस नगांचं सामान असेल तर जाताना अर्धा तास जातो आणि येताना एखादं रिकामं पाकीट सापडत नाही म्हणून पुन्हा अर्धा.

उपाय घरच्या स्वयंपाकघरात आहे. पाणी स्टीलच्या किंवा जाड, पुन्हा वापरता येणाऱ्या बाटल्यांत भरा. सांगलीहून येणाऱ्यांच्या सामानात भडंग असतंच. ते पिशवीतून काढून स्टीलच्या डब्यात ओता. गूळ-शेंगदाणे कापडी पुरचुंडीत बांधा. गोळ्यांची पाकिटं एका छोट्या डब्यात घाला आणि चौकीवर स्वतःहून दाखवा. असं केलं की मोजायला चार-पाच वस्तूच उरतात.

जेवणाला दशम्या किंवा चपात्या, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. रस्सा, दही, कापलेली काकडी असलं काही नको, उन्हात नासतं आणि डबा गळतो. वर चूल पेटवायची नाही. काडेपेटी, लायटर, सिगारेट, तंबाखू, दारू आणि स्पीकर घरीच ठेवा. वाळलेल्या कारवीच्या रानाला एक ठिणगी पुरते.

पाणी: थंडीत माणशी ३ लिटर, मार्चनंतर ४ लिटर. गडावर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर एक लिटर कमी घेऊ नका. शिवाय १ लिटर पाण्यासाठी ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढं कोरडं मिश्रण डबीत भरून घ्या. मीठ अंदाजानं टाकू नका. जास्त झालं तर तहान वाढते आणि त्रासही.

बाकीचं सामान थोडकं:

- खोल नक्षीच्या तळव्याचे, आधी वापरलेले बूट. नवे बूट पहिल्यांदा इथं घालू नका.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पॅन्ट, लांब मोजे. रंग मातकट किंवा हिरवा.
- टोपी, शिट्टी, बॅटरी. दिवसा परतणार असलात तरी बॅटरी हवीच.
- क्रेप बँडेज, जंतुनाशक, कापूस, रोजच्या गोळ्या.
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स.
- रोख रक्कम, सुट्ट्या नोटांसकट. मोबाइलवरून पैसे पाठवण्यावर विसंबू नका.

अत्तर, सेंट काही लावू नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासानं, धुरानं किंवा आरडाओरड्यानं माश्या उठतात.

५. सातारा ते बामणोली

गाडीची टाकी साताऱ्यातच भरा. यवतेश्वर घाट चढून, कास पठार आणि कास तलाव मागे टाकत रस्ता बामणोलीकडे उतरतो. पहाटे घाटात धुकं असतं. दिवे खालच्या झोतावर ठेवा, सव्वा ते दीड तास धरून चला. वाटेत कास बघू, तलावावर फोटो काढू, असं कोणी म्हणालं तर "येताना" म्हणा. जातानाची वीस मिनिटं माथ्यावरच्या वेळेतून कापली जातात.

नाष्टा गाडीत किंवा बामणोलीत बोटीची वाट बघताना उरका. इथून पुढं मोबाइलला रेंज भरवशाची नाही. "वासोट्याला चाललोय, आठपर्यंत फोन नाही आला तर या नंबरवर विचार" असं घरच्यांना सांगून बोटवाल्याचा नंबर इथूनच पाठवा.

६. परवानगी आणि पावती

आधी वनखात्याची परवानगी, मग बोट. सगळ्यांची नावं, वयं, पत्ता आणि एक मोबाइल नंबर कागदावर घरूनच लिहून आणा. दोन प्रती करा. तिथं उभं राहून एकेकाला वय विचारत बसलात की मागची रांग पुढं जाते. एकच जण कागद घेऊन जाईल, बाकीच्यांनी तोवर सामान बोटीपाशी न्यावं.

पावतीवर माणसांचा आकडा बरोबर आहे का, ते तिथंच बघा. बारा जण असताना दहाचीच पावती फाडली तर पायथ्याच्या चौकीवर अडवतात आणि तिथून परत येऊन पावती करायची म्हणजे दिवस गेला. पावतीचा मोबाइलवर फोटो काढा आणि कागद पाकिटात ठेवा.

*सावधान:* पाच-सहा वर्षांची मुलं, गुडघे दुखणारी माणसं, दम्याचे किंवा हृदयाचे रुग्ण यांना गडावर नेऊ नका. त्यांच्यासाठी बामणोलीत जलाशयावरची छोटी फेरी मिळते, ती खरंच सुंदर आहे. गडाखाली त्यांना दिवसभर बसवून ठेवणं मात्र चूक, तिथं बसण्याची, खाण्याची काही सोय नाही.

७. बोटीत

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं आणि पट्टे आवळायचे. मांडीवर घेऊन बसलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी वजन सारखं बसलंय का ते बोटवाला बघतो, तो सांगेल तिथं बसा. फोटोसाठी सगळे एका काठाला गेले की बोट कलते.

जलाशयात पोहायला उतरू नका. काठ अचानक खोल जातो, तळाशी गाळ आहे, पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत. उत्तम पोहणाऱ्याचाही पाय गाळात रुततो.

उतरण्याआधी बोटवाल्याबरोबर घड्याळं जुळवा. "चार म्हणजे चार" असं दोघांनीही म्हणा.

८. चौकी ते माथा

बोट लागते ती मेट इंदवलीच्या बाजूला. चौकीवर पावती दाखवा, सामान मोजून द्या, अनामतीचा कागद जपून ठेवा. गाइड असेल तर तो सगळ्यांत पुढं, ग्रुपमधला अनुभवी माणूस सगळ्यांत मागं. या दोघांच्या मधून कोणी पुढं जायचं नाही आणि मागं रेंगाळायचं नाही.

सुरुवातीला ओढा आणि मारुतीची मूर्ती लागते. ओढ्यातले दगड शेवाळलेले असतात. पाय दगडाच्या माथ्यावर ठेवू नका, दोन दगडांमधल्या वाळूवर ठेवा. पुढं वाट दाट झाडीत शिरते. सावलीमुळे थकवा जाणवत नाही, म्हणून लोक इथं सुसाट चढतात आणि वरच्या अर्ध्यात दमतात. बोलता बोलता धाप लागत नाही तोच वेग योग्य. दर पंचवीस-तीस मिनिटांनी उभ्यानंच पाच मिनिटं थांबा, चार-पाच घोट पाणी प्या. तहान लागेपर्यंत थांबू नका.

वाटेत नागेश्वरकडे, म्हणजे गुहेतल्या महादेवाच्या देवळाकडे, जाणारा फाटा फुटतो. वासोटा आणि नागेश्वर एकाच दिवशी, शिवाय बोटीनं परत, हे सरावलेल्या छोट्या ग्रुपलाच जमतं. पहिल्यांदा आलेल्यांनी त्या वाटेला वळू नये. नागेश्वरहून कोकणात चोरवण्याला उतरायची वाट आहे, पण तो वेगळा बेत, त्याची परवानगीही वेगळी.

जळवा दिसल्या तर घाबरू नका. पॅन्ट मोज्यात खोचा आणि थांबाल तेव्हा बूट बघा. चिकटलेली जळू ओढून काढू नका. तिचं बारीक तोंड असतं त्या टोकाशी कातडीला नख टेकवून आडवं सरकवा, ते सुटलं की मागचं टोकही असंच सोडवा. मीठ किंवा चुना टाकला तर ती पोटातलं जखमेत ओकते. जळू निघाल्यावर रक्त बराच वेळ थांबत नाही, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. जखम धुवा, कापूस ठेवून दाबून धरा आणि पट्टी बांधा.

या रानात गवे, अस्वल, बिबट्या आहेत. माणसांचा घोळका साध्या आवाजात बोलत चालला तर ते बहुतेक वेळा आपणच बाजूला होतात. गवा वाटेत उभा दिसला तर थांबा, मागं सरका, त्याला जायला जागा द्या. फोटोसाठी पुढं जाऊ नका, ओरडू नका. झाडावर शेकरू दिसलं तर तिथं निवांत दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

*तपासा:* पाऊण तासानं सगळ्यांच्या बाटलीतलं पाणी कमी झालंय का? ज्याची बाटली भरलेलीच आहे, त्याच्याकडे लक्ष ठेवा. डोकं दुखणं, मळमळ आणि घाम थांबणं ही ऊन लागल्याची खूण आहे. अशा माणसाला वर नेऊ नका. सावलीत बसवा, मानेला ओलं फडकं लावा, साखर-मिठाचं पाणी घोटघोट द्या. सावरला की दोघांनी मिळून त्याला खाली आणावं.

झाडी संपली की कारवी आणि मोकळा चढ लागतो. शेवटचा टप्पा उन्हात आहे, तिथं टोपी घाला. पायऱ्या आणि पडके दरवाजे पार केले की बिनछपराच्या मारुतीपाशी पोचता.

९. माथ्यावर पावणेदोन तास कसे वापरायचे

आधी गड बघा, मग जेवा. पोटभर जेवून बसलं की पुन्हा उठून कडा बघायला कोणी येत नाही.

मारुतीपासून वाटा फुटतात. महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, नागेश्वरच्या बाजूची माची आणि बाबूकडा एवढं सव्वा तासात आरामात होतं. बाबूकडा अर्धगोल, सरळ तुटलेला आहे. खाली कोकणाकडचं दाट रान दिसतं. इथं कठडा नाही आणि काठावरची वाळकी गवताची काडी पायाखाली घसरते. काठापासून दोन मीटर मागं थांबा. पुढंच बघायचं असेल तर पोटावर झोपून बघा. वारा असेल तर तेही नको.

टाकीत हात-पाय धुवू नका, डबे विसळू नका. उष्टं कड्यावरून फेकायचं नाही, सालीसुद्धा डब्यात परत.

आकाशात काळे ढग दाटले किंवा लांब गडगडलं तर दोनची वाट न बघता उतरा.

१०. उतरण

पाय मुरगळतात ते इथंच. पानांचा जाड थर घसरतो आणि खालचा दगड दिसत नाही. माथ्यावरच बुटाच्या नाड्या घोट्याशी आवळून बांधा, म्हणजे बोटं पुढं आपटत नाहीत. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवा. पळत उतरणाऱ्याला पहिल्याच वळणावर थांबवा.

घोटा मुरगळला तर बूट काढू नका, सूज आली की पुन्हा चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा आणि दोघांच्या खांद्यांचा आधार द्या. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला हलू देऊ नका, चावलेला भाग काठीच्या आधारानं स्थिर करा आणि दोघं जण चौकीवर धाडा. तिथून बोट आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची. माणसाला चालवत आणू नका, उचलून आणा.

खाली आल्यावर वस्तू दाखवा, अनामत घ्या, माणसं मोजा आणि मगच बोटीत बसा.

११. परतीचा रस्ता आणि नंतरचे दिवस

बामणोलीत पोचल्यावर पहिला फोन घरी. चहा प्या, अर्धा तास बसा. कासच्या बाजूनं चढताना अंधार झालेला असतो आणि गवे रस्त्यावर येतात. वेग चाळीसच्या आत ठेवा. गवा दिसला तर हॉर्न देऊ नका, गाडी थांबवून तो जाईपर्यंत थांबा. गाडी चालवणाऱ्याचे डोळे मिटायला लागले तर साताऱ्यातच मुक्काम करा.

घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. काख, गुडघ्यामागं, कमरेपाशी गोचीड आहे का, ते नीट बघा. दोन-तीन आठवड्यांत अंगात ताप भरला किंवा कातडीवर काळपट खपलीसारखा डाग दिसला तर डॉक्टरांना "जंगलात जाऊन आलोय" हे पहिल्या वाक्यात सांगा. स्क्रब टायफसची, म्हणजे रानातल्या अगदी बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची, तपासणी करायची की नाही, हे त्यावरून ठरतं.